नर्सरीचे सर

लहान मुलाशी बोलायचं असलं की ते आधी खाली बसायचे. किराण्याचं दुकान असो, जिना असो, बाजारातला चिखल असो. उजव्या गुडघ्यातून कट् असा आवाज यायचा, मग डाव्यातून, आणि हा धिप्पाड माणूस मुलाच्या डोळ्यांसमोर डोळे आणून म्हणायचा, "हां, बोलिए साहब." मुलं बहुधा काही बोलायची नाहीत. गुडघ्यांकडे बघत राहायची. आवाज पुन्हा येईल म्हणून.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नाच्या हॉलमध्ये सगळे पुरुष राजकारणावर बोलत असतात आणि एक जण मुलांच्या घोळक्यात बसून कागदाची होडी करत असतो. आपण त्याला हसतो, आणि आपलं मूल त्याच्याकडे सोपवून निवांत जेवायला जातो.

फरीदाबादला हे गुडघे वाजणारे गृहस्थ आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे सांगलीकडचे, पण फरीदाबादच्या कारखान्यात इतकी वर्षं काढलेली की दूधवाल्याशी भांडताना हरियाणवी यायची. कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. टूलरूम म्हणजे साचे आणि हत्यारं जिथे बनतात ती जागा. मी त्यांना भाऊ म्हणायचो. ते माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठे, तरी मला साहेब म्हणायचे, कारण मी नव्या सेक्टरात उघडलेल्या एका खासगी शाळेत हिशेब बघायचो आणि रोज इस्त्रीचा शर्ट घालायचो.

बाहेरच्या कंपन्या देशात येऊ लागल्या तसं त्यांच्या कारखान्याचं काम आटत गेलं. टूलरूममध्ये माणसं नुसती बसून राहायची. कामगार बायकांच्या मुलांसाठी कारखान्यात एक पाळणाघर होतं. तिथल्या खुर्च्या मोडल्या होत्या, म्हणून एका साहेबाने भाऊंना तिकडे पाठवलं.

"खुर्च्या दोन दिवसांत झाल्या," ते सांगायचे. "मग मी कळवलं, टेबलंही मोडलीत. टेबलं चांगली धडधाकट होती हो!"

कारखाना बंद होईपर्यंत ते पाळणाघरातच होते. नंतर हातात थोडे पैसे देऊन सगळ्यांना घरी पाठवलं. आमच्या गल्लीत अशा माणसांनी पीसीओ टाकले, कुणी झेरॉक्सचं मशीन घेतलं, एकाने केबलचा धंदा सुरू केला. भाऊ एका संध्याकाळी आमच्याकडे आले आणि चहा येण्याआधीच म्हणाले, "साहेब, मला लहान मुलांचा मास्तर व्हायचंय. तुमच्या शाळेत नर्सरीला शिकवायला काय लागतं, तेवढं विचारून या."

मी विचारून आलो. बालशिक्षणाची पदवी लागते. नुसतं विचारून आलो असं नाही, ती पदवी घरबसल्या टपालाने करता येते हे शोधून प्रवेशाची पुस्तिकाही आणून दिली. तेव्हा मला फार चांगलं काम केल्यासारखं वाटलं होतं. माझी बायको म्हणते, शेजारच्यांचं दूध नासलं तरी तुमचा चेहरा उतरतो. खरं आहे ते. पण त्या पुस्तिकेचं ओझं वेगळं आहे. ती आणली ते बरं केलं की वाईट, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

हे कळलं त्या दिवशी त्यांच्या घरी जरा गोंधळच उडाला. वहिनी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, मुलगा पुण्याला शिकायला. "मुलगा इंजिनियरिंगला आणि बाप नर्सरीला," वहिनी कपाळावर हात मारून म्हणाल्या. "लोकांना काय सांगू?"

"सांग, घाई नको. वय लहान आहे."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पाळणाघरातलं कुणी पोर तीन वर्षांचं होऊनही बोलत नसलं की ते त्याच्या आईला हेच सांगायचे. आता स्वतःबद्दलही सांगू लागले.

दर रविवारी सरोजिनी नगरजवळच्या एका शाळेत वर्ग असायचे. पहिल्या दिवशी दारातच शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "भाई साहब, बच्ची को छोड़ने आए हैं तो बाहर बैठिए."

"मॅडम," भाऊ म्हणाले, "बच्ची मैं ही हूँ."

सगळा वर्ग हसला. वर्गात बाकी सगळ्या मुली होत्या, भाऊंच्या मुलाहून थोड्या मोठ्या. त्यांनी भाऊंना आधी अंकल म्हटलं, मग मॉनिटर केलं, आणि नंतर आपले तक्ते चिकटवायला, कठपुतळ्यांना हात बसवायला लावलं. ते सगळ्यांचं करून द्यायचे आणि स्वतःचं काम बसच्या शेवटच्या सीटवर करायचे.

अभिनयगीतांचा सराव गच्चीवर चालायचा. संध्याकाळी खाली खाटा टाकून बसलेले लोक मान वर करून बघायचे. कठड्याच्या वर दोन हात सशाच्या कानांसारखे हलताना दिसायचे. "चाचा सठिया गए," म्हणजे साठी बुद्धी नाठी, असं कुणीतरी म्हणायचं. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचं पोर आमच्या जिन्यात बसून भाऊंची वाट बघत असायचं.

इंग्रजी पुस्तकं मी वाचून मराठीत सांगायचो. मुलाच्या वाढीचे टप्पे, लक्ष, स्मृती, भीती. भाऊ डोळे मिटून ऐकायचे. एका पेपरात नापास झाले तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मीच नीट समजावलं नसेल असं वाटलं. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही कशाला रडता? पेपर मी लिहिला. आणि तसंही, घाई नको."

ठोकळ्यांची गंमत सांगायला हवी. परीक्षेसाठी खेळणं स्वतः बनवायचं होतं. भाऊंनी शिसवीच्या लाकडाचे ठोकळे केले. प्रत्येक बाजू पट्टीने मोजली, घासली, पुन्हा मोजली. एकावर एक ठेवले तर मधून केससुद्धा जाणार नाही. सरावाच्या बालवाडीत ते घेऊन गेले. मुलांनी मनोरा रचला. मनोरा पडला नाही. आणखी उंच केला. तरी पडला नाही. मुलं थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसली आणि उठून मातीत खेळायला गेली.

"बच्चे गिराने के लिए बनाते हैं, भाई साहब," तिथल्या बाई म्हणाल्या.

त्या रात्रीपासून भाऊ कानस घेऊन ते ठोकळे बिघडवायला बसले. कोपरे गोल केले, तळ तिरके केले. हातांना ते जमेना. "एवढी वर्षं बरोबर करण्याचा पगार घेतला," ते म्हणाले, "आता चुकवायला शिकतोय. जास्त अवघड आहे." पुढच्या खेपेला मनोरा तिसऱ्या ठोकळ्यालाच कोसळला आणि मुलं अशी किंचाळली की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. घरी येऊन भाऊंनी ही गोष्ट मला दोनदा सांगितली.

पदवी मिळाली. वहिनींनी आख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. "आमचे हे नर्सरी पास झाले," असं सांगत.

मग नोकरी शोधायला सुरुवात झाली. नव्या वस्त्यांमध्ये महिन्याला एक शाळा उघडत होती, सगळ्यांना शिकवणारी माणसं हवी होती. भाऊ सफारी घालून जायचे. एका शाळेत त्यांना बसचा ड्रायव्हर समजून लायसन्स मागितलं. दुसरीकडे विचारलं, मिसेज़ शिकवतात का? तिसरीकडे म्हणाले, मोठ्या मुलांची पीटी घ्याल? पदवी सगळे बघायचे, चांगली आहे म्हणायचे आणि दुमडून परत द्यायचे.

शेवटी मी आमच्या प्रिन्सिपल मॅडमशी बोललो. बाई समजूतदार होत्या. त्यांनी भाऊंना बोलावलं, दोन तास नर्सरीत बसवलं आणि स्वतः दारात उभं राहून बघितलं. नंतर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाल्या, "आदमी बहुत अच्छा है."

"फिर मॅडम?"

"फिर क्या? पेरेंट्स को मैं क्या बोलूँ? तीन-तीन साल की बच्चियाँ हैं. टॉयलेट ले जाना होता है. एक ने भी पूछ लिया तो?"

"मैं गारंटी देता हूँ."

"आपसे गारंटी कोई नहीं माँगेगा, मुझसे माँगेंगे." त्यांनी समोरचं रजिस्टर मिटलं. "मेंटेनन्स में जगह है. पूछ लीजिए. मुझे खुद अच्छा नहीं लग रहा."

मला त्यांच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

भाऊंना मी हे आडून आडून सांगितलं. ते मात्र पटकन म्हणाले, "घेतो. दाराच्या आत तर गेलो." आणि खरंच आले. बिजागऱ्या, नळ, झोपाळ्यांच्या साखळ्या. नर्सरीच्या छोट्या खुर्च्या त्यांच्या हातात आल्या की काम लांबायचं. मुलं घरी गेल्यावर ते त्या वर्गात एकटेच बसून खुर्च्यांचे पाय घट्ट करत असायचे. भिंतीवरचे तक्ते वाचायचे. एकदा मला म्हणाले, "हा तक्ता फार वर लावलाय. मुलांना दिसत नाही, बाईंना दिसतो." ते कुणाला सांगायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर तक्ता हातभर खाली आला होता.

जानेवारीतल्या एका सकाळी असं धुकं पडलं की शाळेचं फाटक दिसेना. मुलांच्या बस कशाबशा पोचल्या, पण दिल्लीहून येणाऱ्या टीचर रस्त्यातच अडकल्या. नर्सरीत वीसेक मुलं, वीज गेलेली, आयाही आली नव्हती. एक रडायला लागलं आणि मग सगळीच. मॅडमनी व्हरांड्यात मला आणि भाऊंना बघितलं, आणि भाऊंना म्हणाल्या, "आप देख लीजिए थोड़ी देर."

मी खिडकीतून बघत होतो. त्यांनी गाणं म्हटलं नाही, कुणाला गप्प केलं नाही. काचेपाशी गेले, तिच्यावर फुंकर मारली आणि धूसर झालेल्या काचेवर बोटाने एक मासा काढला. मग फक्त उभे राहिले. रडता रडता एक मुलगी आली, तिने फुंकर मारली. मग दुसरं आलं. थोड्या वेळाने सगळ्या खिडक्यांच्या खालच्या काचा मासे, चेंडू आणि नुसत्या रेघोट्यांनी भरून गेल्या. एक पोर दमून भाऊंच्या मांडीवर झोपलं. भाऊंचा चेहरा तेव्हा कसा होता, ते मला लिहिता येत नाही. मी बरेचदा प्रयत्न केलाय.

त्याच वेळी एक आई आपल्या मुलीला उशिरा सोडायला आली. तिने दारातून बघितलं. मुलीला सोडून निघून गेली. दुपारी मॅडमना फोन आला. "कंप्लेंट नहीं है, मैम," ती म्हणाली म्हणे, "बस पूछ रही थी, वो कौन थे." संध्याकाळपर्यंत आणखी दोघींनी विचारलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी भाऊंना बोलावून सांगितलं की मुलं शाळेत असताना नर्सरीच्या बाजूला जायचं नाही. त्यांनी हे खाली मान घालून सांगितलं. भाऊ म्हणाले, "समझता हूँ, मॅडम."

त्या दिवशी मी काही बिलांच्या कामासाठी नर्सरीत गेलो होतो. मुलं टीचरना विचारत होती, "कल वाले सर कब आएंगे?"

"वो सर नहीं थे, बेटा. मेंटेनन्स वाले अंकल थे."

"नहीं," एक मुलगी म्हणाली. "सर थे."

टीचरनी माझ्याकडे बघून हसून खांदे उडवले. मीही हसलो. त्याशिवाय मला काय करता आलं असतं, कोण जाणे.

संध्याकाळी वर जाऊन मी भाऊंना ते सांगितलं. वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं, त्या मुलीने म्हटलं तसंच. मग चहाचा कप खाली ठेवला.

"साहेब, या वयाची आठवण फार टिकत नाही," ते म्हणाले. "तुम्हीच वाचून दाखवलं होतंत ना मला. महिन्या-दीड महिन्यात विसरतील. विसरायलाच हवं, नाहीतर नवीन काही आत कसं जाईल?"

महिनाअखेरीला त्यांनी शाळा सोडली. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा नवा कारखाना निघाला होता, तिथल्या टूलरूमला जुने हात हवे होते. पगार आमच्या शाळेच्या दुपटीहून जास्त. वहिनींनी बदली मागून घेतली आणि सामान ट्रकमध्ये चढलं.

मी त्यानंतर मुद्दाम काहीतरी निमित्त काढून नर्सरीत जायचो. फेब्रुवारीत एकदोन मुलं माझ्यामागे बघायची, आणखी कुणी येतंय का म्हणून. होळीच्या सुमारास गेलो तेव्हा माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मुलं आपली रंग कालवत होती.