दुःख शोधणारा प्रकाशक

सोलापूरहून अफजलपूरला जाणाऱ्या बसमध्ये शेजारची बाई पुस्तक वाचताना तोंडाला पदर लावून हसत होती. मी विचारलं, "कुणाचं हो पुस्तक?"

"माझंच," ती म्हणाली. "पयल्यांदा एका मोठ्या प्रकाशकानं परत धाडलं. म्हणला, तुम्ही धनगराच्या, विनोद कामून लिहायलाव? उपासमार लिहा. मी म्हणलं, आमच्यात कुणी हसत न्हाई व्हय? मग त्यालाच कादंबरीत घातलं. दुसऱ्यानं लगेच छापली."

तिनं एक पान मोठ्यानं वाचलं. दुःखी माणूस शोधत गावभर हिंडणारा प्रकाशक एडक्याच्या धडकेनं उकिरड्यात पडतो. आधी पुढच्या सीटवरची म्हातारी हसली, मग सगळी बस. ती पुढची पानं वाचत गेली.

अफजलपूर आलं, तरी कुणी उठेना. कंडक्टरच म्हणाला, "अक्का, तेवढं पान संपवा, मग उतरू."