महाराजांना ओवाळायच्या पाचजणी

शेजारच्या संस्थानचे महाराज सोलापुरात येणार आणि त्यांची मोटार आमच्या पेठेतून जाणार असं कळलं, तशी पेठ वेडी झाली. जोत्यांना चुना लागला, गटारांवर फळ्या पडल्या. विणकर माग सोडून कमान कुठवर आली ते बघायला येऊ लागले. स्वागत समितीचे अध्यक्ष कमानीसाठी कापड मागायला माझ्याकडे आले. डोक्यावर चादरींचं गाठोडं घेऊन दारोदार हिंडून मी ते दुकान उभं केलं होतं. फुकट काही द्यायची मला सवय नव्हती.

"कापड न्या," मी म्हणालो, "पण महाराजांना ओवाळणाऱ्या पाच सुवासिनींत आमच्या घरची हवी."

"अहो, त्या मोठ्या घरच्या ठरल्यात."

"मग कापडही मोठ्या घरूनच आणा की."

ते दारापर्यंत गेले आणि परत आले. सौदा ठरला.

बायकोनं मला वेड्यात काढलं. गाठोडंवाल्याची बायको म्हणून पेठेतल्या हळदीकुंकवाला तिला कायम दाराजवळची जागा मिळायची. आता मात्र ती निरांजन चिंचेनं पुन्हा पुन्हा घासत होती. मी न पाहिल्यासारखं केलं.

आदल्या दिवशी समितीचा निरोप आला. अध्यक्षांची मेहुणी पुण्याहून आली आहे, पाचवी ती. तुमच्या मंडळींनी मागं उभं राहावं.

मी शिडी उचलली. कमान उघडी करणारच होतो. बायको दारात आडवी आली.

"कमान त्यांच्या घरची आहे का? पेठेची आहे."

"कापड माझं आहे!"

"आणि जागा माझी होती. मी ओरडतेय का? उद्या मी माझ्या दारात उभी राहीन. तिथनं कोण हलवतो ते बघू."

दुसऱ्या दिवशी वाजंत्री सुरू झाली, धूळ उडाली आणि महाराजांची मोटार कमानीखालून, आमच्या दारावरून सरळ निघून गेली. कोणती बाई कुठं उभी राहणार यावर समिती इतकी भांडली होती, की कमानीशी मोटार थांबवायची हे ड्रायव्हरला सांगायचंच राहिलं. पाचजणी ताटं धरून तशाच उभ्या. पुण्याची मेहुणी, एवढीशी पोर, रडकुंडीला आलेली. अध्यक्षांकडे बघून मी मोठ्यांदा हसलो. बायको हसली नाही.

"लावलेलं निरांजन ओवाळल्याशिवाय आत न्यायचं नाही," म्हणत ती हातातलं ताट घेऊन पायरी उतरली आणि सकाळपासून उन्हात उभ्या असलेल्या पोलीस शिपायापुढं थांबली.

"वैनी, मला वो काय ओवाळताय? मी काय राजा हाय व्हय?"

"रस्ता तुम्हीच राखलात ना? पगडी नीट करा."

त्यानं पगडी सारखी केली. ओवाळून झाल्यावर खिसे चाचपले आणि सापडलेली सुपारी लाजत ताटात ठेवली. तेवढ्यात ती मेहुणी ताट सावरत आमच्या दाराशी आली.

"वहिनी, मीही ओवाळू?"

"ये की. पदर सांभाळ."

तिच्यामागून उरलेल्या चौघीही आल्या. मोठ्या घरच्या त्या बायका माझ्या बायकोच्या मागं रांगेनं उभ्या राहिल्या. ती ज्योतीला हाताचा आडोसा धरून एकेकीला पुढं घेत होती. अध्यक्ष कमानीखाली एकटेच राहिले. चुकलं, असं ते मला आजतागायत म्हणालेले नाहीत.

बायको म्हणते, सोडा आता. तिचं त्याच दिवशी सुटलं. माझं अजून सुटत नाही.