शेजारच्या भाऊंचं डाउनलोड

पडेगावात आमचं आणि शेजारच्या भाऊंचं वायफाय एकच आहे. राउटर त्यांच्या घरात. सगळे झोपले की त्यांचा कॉम्प्युटर आपोआप डाउनलोड सुरू करतो, तशी वेळच लावलेली. "दिवसा तुमाला नेट पुरलं पाहिजे ना, ताई." काय उतरवता विचारलं, की खांद्यावरचा टॉवेल स्क्रीनवर टाकून हसतात. "लई काय नाय." माझ्या मनात पाल चुकचुकतेच.

परवा रस्ता खोदताना केबल तुटली. मुलीची परीक्षा तोंडावर आणि तिचे अभ्यासाचे व्हिडिओ बंद. संध्याकाळी भाऊ पेनड्राइव्ह घेऊन दारात. "तुमच्या बेबीचे केमिस्ट्रीचे धडे हायेत, रात्रीचे उतरवून ठेवलेले. बघायचे राहिलेत तेवढेच घेतले."

मुलगी हरखली. मी चहा टाकला.

कुठले राहिलेत, हे आमच्यातल्या कुणीच त्यांना सांगितलं नव्हतं.