घसरायची पट्टी

साइमी लेहतोलाने आयुष्यभर पुठ्ठ्याच्या गिरणीत रिळं गुंडाळली, आणि निवृत्त झाल्यापासून ती जागेवर म्हणून सापडलेली नाही. गुडघे गेलेत. पायी ती अंगणातल्या टपालपेटीपर्यंत जाते आणि वाटेत गिरणीला, डॉक्टरला आणि मला शिव्या घालते. मी आउने, तिची शेजारीण. गिरणीच्या कॅन्टीनमध्ये वाटाण्याचं सूप वाढण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे शिव्यांची मला सवय आहे.

पण बर्फ पडला आणि साइमीने लाथगाडी बाहेर काढली, की हीच का ती म्हातारी असं होतं. लाथगाडी म्हणजे एक खुर्ची आणि तिच्याखाली दोन लांब लोखंडी पात्या. मागे पातीवर एक पाय ठेवून उभं राहायचं, दुसऱ्याने जमिनीला लाथ मारायची आणि सुटायचं. येताना सामान खुर्चीत ठेवून, दांड्यावर रेलून, ढकलत चढायचं. आमच्या गावात, हिएतासाल्मीत, प्रत्येक म्हातारीकडे ती असते. पण साइमी चर्चच्या टेकडीवरून उतरू लागली की लोक आपापली कुत्री कडेवर घेतात.

उन्हाळा ती तळ्याकाठच्या खोपटात काढते आणि होडीने दुकानात जाते. प्रश्न हिवाळ्याचा. तिची मुलगी मेर्या ताम्पेरे शहरात असते, आईच्या काळजीने अर्धी झालीय. तिने एकदा चाकांचा वॉकर आणून दिला होता, तो उतारावर साइमीच्या आधी दुकानात पोचला. मग मायलेकी कडाकडा भांडल्या आणि शेवटी तह झाला: साइमी स्वतःची कॉफी स्वतः आणतेय तोवर घरात राहील, नाहीतर ताम्पेरेच्या वृद्धाश्रमात.

"ज्या दिवशी जमणार नाही ना, त्या दिवशी मी माझ्या हाताने बॅग भरीन," साइमी म्हणाली. आता कॉफीच का, तर आमच्याकडे माणूस बाकी कशाशिवायही जगतो.

इतकं सगळं सुरळीत चाललेलं असताना कंपनीला आमची दया आली.

तशी ती दर वर्षी येते. गिरणी मोठी, मुख्य कचेरी हेलसिंकीत, आणि तिथे सामाजिक जबाबदारीचं एक आख्खं खातं आहे. एकदा त्यांनी आम्हाला पक्षी बघायला मनोरा बांधून दिला, त्यावर चढून पोरं चोरून सिगरेटी ओढतात. यंदा त्या खात्याचा साहेब, वेसा हाक्काला, याने ठरवलं की गिरणीचं गरम पाणी उगाच वाया जातंय. ते टेकडीपासून दुकानापर्यंतच्या पायवाटेखालून खेळवायचं, म्हणजे हिवाळ्यात वाटेवर बर्फच धरणार नाही आणि म्हातारी माणसं घसरणार नाहीत. वाटेखाली दोन नळ्या, एक कुंपणाच्या कडेने, एक रस्त्याच्या कडेने. मनाने चांगला माणूस हो, वाईट म्हणवत नाही. सप्टेंबरात खणायला माणसं आली तेव्हा साइमीनेच त्यांना वेलदोड्याचे पाव खाऊ घातले. तिला वाटलं, घरात गरम पाणी येणार.

मग बर्फ पडला. सगळं गाव पांढरं आणि पायवाट तेवढी काळी, ओली, वाफाळती. साइमी थाटात आली, लाथ मारली, आणि लोखंड डांबरावर असं करकरलं की माझे दात शिवशिवले. गाडी जागेवर. ती पुढे, टोपी त्याहून पुढे.

आम्ही म्हाताऱ्या फावडी घेऊन वाटेवर बर्फ टाकत बसलो. टाकला की वितळतो. गिरणीच्या पाण्यापुढे आम्ही चार बायका काय पुरणार? मी म्हटलं, "अगं, मी आणते तुझी कॉफी. मेर्याला कोण सांगतंय?"

"मला कळेल ना," ती म्हणाली. "तू आणलेली ती तुझी कॉफी."

डबा संपत आला. ती एकदा वापरलेल्या कॉफीच्या भुकटीत पुन्हा पाणी ओतून प्यायला लागली, आणि ते पाहून मला खरंच भडभडून आलं. मेर्याला फोनवर आवाजावरूनच कळलं. ती म्हणाली, शनिवारच्या बसने येते. रिकामी बॅग घेऊन येते.

त्याच शनिवारी वाटेचं उद्घाटन होतं. खाली तळ्याकाठी लाल फीत, गिरणीचा बँड आणि नवीकोरी पाटी: हिएतासाल्मीत आता कुणीही घसरणार नाही. वेसा कात्री घेऊन उभा. अंगावर शहरी कोट, पायात गुळगुळीत तळव्याचे बूट.

साइमीचं एकच होतं, बस यायच्या आत कॉफी घरात हवी. वाटेवर गाडी चालेना, रस्त्यावर मोटारी, तर तिने चर्चमागचा उतार धरला. तो पोरांचा उतार, सरळ तळ्यात जातो, दुकान बाजूलाच राहतं. कुठेतरी वळता येईल असा तिचा हिशेब होता. वळता आलं नाही.

बँडवाल्यांनी आधी पाहिलं. ट्रॉम्बोनवाला वाजवता वाजवता बाजूला झाला. वेसा म्हणत होता, "आमचं एकच उद्दिष्ट आहे, की," आणि मागून खुर्ची त्याच्या गुडघ्यांत बसली. तो कात्रीसकट खुर्चीतच बसला, फीत त्याच्या गळ्यात, मागे साइमी, आणि दोघं गोठलेल्या तळ्यावर जी सुटली ती पार मासेमारीसाठी बर्फात पाडलेल्या भोकांपर्यंत.

आम्ही सगळे काठावर पुतळे. मला वाटलं, मारलं हिने साहेबाला, आता गिरणी बंद.

तेवढ्यात लांबून किंचाळल्यासारखं ऐकू आलं. नीट कान दिला तर ते हसणं होतं. गाडी परत वळली. आता खुर्चीत साइमी आणि मागे साहेब, कोट उडतोय, लाथा मारतोय.

"आजी, वळायचं कसं?" तो ओरडत होता.

"कंबर हलव रे मेल्या, कंबर."

काठाला लागल्यावर साइमी खुर्चीतून उठली नाही. ती म्हणाली, "तू माझं घर घालवलंस, बाळा. तुझ्या वाटेवर माझी गाडी चालत नाही. आज माझी मुलगी मला न्यायला येतेय."

वेसाचं हसू गेलं. "पण आजी, तुम्ही घसरू नये म्हणूनच तर..."

"पडू नये म्हण. घसरण्याच्या मागे का लागलास? घसरले नाही तर मी जाणार कशी?"

त्याने पाटी पुन्हा एकदा वाचली. मग त्याने गिरणीत फोन लावला आणि कुंपणाकडची नळी बंद करायला सांगितली. बँडला काय करावं कळेना, म्हणून त्यांनी वाढदिवसाचं गाणं वाजवलं.

रात्रभर बर्फ पडला. रविवारी सकाळी अर्धी वाट काळी आणि कुंपणालगतची पट्टी पांढरी, टणक. आदल्या दिवशी आलेली, सकाळपर्यंत थांबायला कशीबशी तयार झालेली मेर्या बॅग घेऊन पायरीवर उभी होती आणि साइमी गाडी घेऊन गेली ती येईचना. मेर्या नुसता बॅगेचा पट्टा पिळत होती. अखेर टेकडीवर टोपी दिसली. खुर्चीत कॉफी, एक पुडा नाही, चांगली खोकंभर.

कॉफी झाल्यावर साइमी म्हणाली, "आण ती बॅग." तिने त्यात वेलदोड्याचे पाव भरले, लिंगोनबेरीच्या मुरंब्याच्या बरण्या भरल्या, वर दोन पुडे कॉफी ठेवली आणि चेन ओढली. "घे. भरली एकदाची. आता ने तुझ्या घरी."

मेर्या आधी रडली, मग हसली, मग बॅग मांडीवर घेऊन लाथगाडीच्या खुर्चीत बसली, कारण बसची वेळ झाली होती.

"आई, हळू. आई, स्टॉप गेला. आई."

बस समोरून निघून गेली आणि त्या दोघी तळ्यावर उताण्या पडून हसत होत्या. वेसाने पाटीवर कागद चिकटवलाय: कुंपणाच्या बाजूने खुशाल घसरा. मेर्या पुढच्या बसने गेली की त्याच्याही पुढच्या, ते बघायला मी थांबले नाही. मला माझी लाथगाडी काढायची होती.