माणसाचं एकटेपण आणि काकीचे बोंबील

मंडळी, आज डहाणूत रेखाचित्रांचं प्रदर्शन बघितलं. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे सोबत आलेल्या काकीला एक मॉडर्न चित्र समजावायला लागलो. "ह्या लोंबत्या रेषा म्हणजे माणसाचं एकटेपण."

काकी जवळच्या आगर गावात बोंबील सुकवते. ती चित्राजवळ गेली. "एकटेपण कुठलं रे? बोंबील आहेत हे. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वाळत घातलेत."

मी परत बघितलं. खरंच, एकही रेष एकटी नव्हती.

"वारा पण काढलाय बघ," काकी म्हणाली. "सगळ्या शेपट्या एकाच बाजूला गेल्यात."

वीस वर्षं मुलांना चित्र बघायला शिकवतोय मी. उद्या वर्गावर मी जाऊ, की काकीला पाठवू?