स्वेटरच्या मशीनवरची ओढणी

माझी मोठी जाऊ गोपिकाबाई बह्याड आहे, पुरती येडी. हे मी तिच्या तोंडावर म्हणते, अन् ती खुश होते! ज्या नागपुरात स्वेटर जेमतेम दीड महिना अंगावर राहते, तिथं या बाईनं महाल भागातल्या आमच्या घरात विणायची मशीन मांडून बावीस वर्षं शाळेचे मरून रंगाचे स्वेटर काढले. मग शाळेनं तयार माल बाहेरून आणणं सुरू केलं. मले वाटलं, चला, आता मशीन भंगारात जाईल, पंख्याखाली दोन माणसं झोपतील. कायची जागा न् काय! तिले तर उलट रान मोकळं मिळालं.

हाती लागेल ते ती मशीनवर चढवू लागली. जुन्या कॅसेटांची फीत, मासे पकडायचा तंगूस, उमरेडच्या विणकराकडचं उरलंसुरलं सूत. एकदा आमच्या ह्यांनी पाण्याच्या मोटरीसाठी तांब्याची बारीक तार आणली होती. हे घरभर तार शोधून राहिले, अन् इकडं बाई तांब्याची टोपी घालून पोळ्या लाटून राहिली. हसता हसता मी ओट्यालेच टेकले. बरं, नुसतं विणून भागते का? विणलेलं ती तारेच्या ब्रशनं घासून त्याची लव काढणार, भाताच्या पेजेत बुचकळणार, नाहीतर गंजभर उकळत्या पाण्यात आटवणार. गंजात जायचा तो मोठ्या माणसाचा लोकरी स्वेटर, अन् बाहेर यायचा बाहुलीच्या मापाचा. "पाह्य वं प्रेमिला, कसा घट्ट झाला!" म्हणून नाचायची.

तिले लेकरू नाही. माझी हिमानी तेच तिचं लेकरू. पण लहानपणी मोठीआईनं विणलेले स्वेटर टोचत म्हणून पोट्टी पळायची, अन् मोठी झाल्यावर "छान आहे हं मोठीआई" म्हणून सरळ पेटीत टाकायची. गोपिकाबाईले सारं समजत होतं. यंदा मे महिन्यात हिमानीचं लग्न ठरलं, तशी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"प्रेमिला, एकदा तिनं माझ्या हातचं चारचौघांत मिरवावं. नसन आवडत, तर मशीन विकून टाकते म्हणून समज."

बाई मस्करी करत नव्हती. मले असं भरून आलं, की मी तिच्यावरच खेकसले, "मले काय सांगता बाई? पोट्टीले विचारा!"

पोट्टी तयार झाली, पण अट घालून. "रिसेप्शनले पाच मिनिटं. एक फोटो काढते, अन् मग मी माझी दुकानातली ओढणी घेते."

महिनाभर मशीन खडखडत होती. बाईनं कोशाच्या रेशमी धाग्याची लांबच लांब ओढणी विणली. मग एका भरतकामवाल्याकडून पाण्यात विरघळणारा पांढरा धागा आणला अन् त्यानं ओढणीभर बारीक बारीक चुण्या धरल्या. चुण्या बसल्या की धागा धुऊन काढायचा, असा तिचा बेत होता. पण त्या इतक्या गोड दिसल्या, की तिले धुववेना. "राहू दे असंच," ती म्हणाली. "फक्त पाणी लागू द्यायचं नाही."

मे महिन्यातलं नागपूर, अन् पाणी लागू द्यायचं नाही! दोघींच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

रिसेप्शनले स्टेजच्या बाजूले जंबो कूलर. आमच्या ह्यांनी पोरीच्या मायेपायी टाकी काठोकाठ भरून ठेवलेली. कूलर सुरू झाला तो वाऱ्यासंगं पाणीच फेकू लागला, अन् तेही नेमकं नवरीवर. फोटोवाला "इकडं पाहा" म्हणते न म्हणते, तर ओढणीची एक चुणी सुटली. मग दुसरी. मग तर भराभर! कमरेवरची ओढणी गुडघ्यावर आली, गुडघ्यावरून पायांवर, अन् पायांवरून स्टेजच्या पायऱ्या उतरू लागली.

"अवं माय! हे तर वाढून राहिलं!" नवरदेवाची आजी ओरडली. नवरदेव बिचारा इकडून गोळा करे, तर तिकडून सुटे. फोटोवाला मागं सरकता सरकता खुर्चीत कोसळला.

मी दुकानातली ओढणी घेऊन धावले. गोपिकाबाई खांबाच्या आड उभी, तोंडाले पदर लावून. "झालं वं. पोरीच्या लग्नात तमाशा केला मी."

अन् हिमानी? पोट धरून हसून राहिली होती. मी ओढणी पुढं केली, तर तिनं माझा हात बाजूले सारला अन् गाणेवाल्याचा माइकच ओढून घेतला. "मोठीआई, वर ये लवकर! मले एकटीले आवरत नाही हे!"

बाई खांब सोडेना. शेवटी मीच ढकलत ढकलत वर नेलं. हिमानीनं ओढणीचं मोकळं टोक तिच्या खांद्यावर टाकलं अन् भरल्या लॉनले सांगितलं, "हे माझ्या मोठीआईनं विणलं. गोपिकाबाई नाव आहे तिचं."

बावीस वर्षं शेकडो लेकरं तिच्या स्वेटरात शाळेत गेली, पण हे कोणं विणलं, असं कधी कोणी विचारलं नव्हतं. आता वरपक्षाच्या बायका "गोपिकाबाई, इकडं पाहा ना" करत तिच्याभोवती गोळा झाल्या. हिमानी ती ओढणी शेवटपर्यंत सोडायले तयार नव्हती. बाई रडूनही राहिली होती अन् हसूनही. जेवणाचं ताट हाती दिलं, तर तिनं ते तसंच माझ्याकडं परत केलं अन् माझं मनगट घट्ट धरलं.

"प्रेमिला, मले घरी सोडून दे वं. मले मशीनवर बसायचं आहे."