झाकणाच्या शिट्टीवर शिजलेला कोंबडा

बसा हो, चहा उकळतोय. तेवढ्यात माझी एक फजिती सांगून टाकतो. दुसऱ्याची असती तर केव्हाच गावभर करून झाली असती. पण आधीच बजावतो, चूक माझी नव्हती! आमच्या कुंभवलीत सगळं उलटं पसरलंय. पसरू दे. मी काय कुणाला घाबरतो?

चूक होती एका झाकणाची.

हल्ली ती पोरांच्या सरबताची बाटली मिळते, बघितलीत ना? आत घोटभर रंगीत गोड पाणी, आणि वर हे एवढं थोरलं झाकण! कुठे झाकणाचा भोवरा, कुठे झाकणाची गाडी. पोरांना सरबताशी काय देणंघेणं? अर्धं रस्त्यावर, अर्धं अंगावर. हट्ट सगळा झाकणासाठी. तर त्या दिवशी माझ्या घरात जे शिरलं, ते झाकण निळं होतं, चिमणीच्या आकाराचं. शेपटीत फुंकलं की शिट्टी वाजायची.

पण झाकण थोडं थांबू दे. आधी माझे कान.

मी तारापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत फिटर. कापडाच्या मागांवर जन्म गेला. ओळीनं माग धडधडायला लागले की शेजारच्याशीही हातवाऱ्यांनी बोलायचं, अशी तिथली रीत. आता एवढ्या गोंगाटात राहणारा माणूस घरी जरा मोठ्यानं बोलणार, टीव्ही जरा मोठा लावणार. झालं! सगळ्यांनी मिळून ठरवलं, हा बहिरा. खात्यातला कालचा आलेला हेल्पर मला सांगतो, "चाचा, एक बार कान दिखा लो ना." अरे, तू तुझा पाना सांभाळ!

बरं, हेल्परचं सोडून द्या, परका माणूस. पण सख्ख्या मेहुण्यानं म्हणावं?

मेहुणा म्हणजे नरेश, आमच्या सुनंदाचा पाठचा भाऊ. सफाळ्याला असतो, भातशेती आणि छोटं दुकान. मागे एका हळदीला पंगतीत माझ्या समोर बसला होता. भरल्या पंगतीत मला म्हणतो, "भावोजी, आता कानाला मशीन लावा. हाका मारून आमचे घसे बसले."

पंगत हसली. वाढपी हसले. माझं डोकं फिरलं.

"मशीन तुझ्या तोंडाला लाव," मी म्हटलं. "बंद करायचं बटण असलेली बघ!"

मग तो बोलला, मी बोललो, आणि तो अर्ध्या ताटावरून उठला. "तुमच्या घरची पायरी चढणार नाय," म्हणाला, आणि खरंच चढला नाही. दोन भाऊबिजा कोरड्या गेल्या. सुनंदानं दोन्ही वर्षं अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. सख्खा भाऊ असून! ताट घेऊन आत गेली आणि भांडी घासत बसली.

खरं सांगू? तेव्हा मला वाईट वाटलं. पण माफी मागायची म्हणजे कान खराब आहेत हे कबूल करायचं. ते कसं जमणार?

या दिवाळीला मात्र तिनं फोनवर रडून-ओरडून भावाला तयार केलं. तिकडे त्याला शपथ घातली आणि इकडे मला.

"माझा भाऊ दोन वर्षांनी माझ्या दारात येतोय," ती म्हणाली. "तो कानाचा विषय काढणार नाय. तुमी पन काढायचा नाय. आणि तो जेवून जायला पायजे, पोटभर. परत अर्ध्या ताटावरनं उठला, तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाय."

आता नरेशला गावठी कोंबडा म्हणजे जीव की प्राण. मी स्वतः मासवणकडे जाऊन घेऊन आलो. विकणारा म्हणाला, "कवळा हाय." कसला कवळा! चांगला पिकलेला, अनुभवी कोंबडा होता तो. असला कोंबडा पातेल्यात दाद देत नाही. सुनंदानं वाटण लावून कुकरमध्ये घातला, गॅस पेटवला आणि मला बोलावलं.

"मी केस धुऊन साडी नेसून येते. आठ शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. तुमाला जमेल ना? की शेजारणीला बसवू?"

शेजारणीला? माझ्या घरच्या शिट्ट्या मोजायला शेजारीण? मी छाती काढून म्हटलं, "तू जा. एक शिट्टी इकडची तिकडे होणार नाही."

मनात म्हटलं, बरं झालं! त्या नरेशच्या समोर बसून बाहेरच्या खोलीतून आठ शिट्ट्या बरोबर मोजून दाखवतो. कानाचा विषय न काढता कानाचा निकाल!

तेवढ्यात मोटारसायकल वाजली. नरेश आला. बायको तिच्या भावाकडे गेलेली, म्हणून सोबत एकटी पियू, त्याची पहिलीतली मुलगी. आणि पियूच्या हातात बोईसरच्या नाक्यावर हट्ट करून घेतलेली ती बाटली. निळ्या चिमणीची!

पियू "आतोबा!" म्हणून मला चिकटली, करंजी मागितली आणि बाटली घेऊन मागच्या पडवीत पळाली. आमची पडवी स्वयंपाकघराला लागून. आणि आमचा कुकर म्हातारा. त्याची शिट्टी इतरांसारखी गरजत नाही, बारीक, चिरक्या आवाजात वाजते. आता आलं ना लक्षात? मला नव्हतं आलं.

मी आणि नरेश समोरासमोर बसलो. बोलायचं काय? कान सोडून सगळं.

"भात कापून झाला?"

"झाला."

"पाऊस लांबला यंदा."

"लांबला."

आतून बारीक शिट्टी आली. मी बोट वर केलं. "एक!"

नरेशनं माझ्याकडे बघितलं. "काय एक?"

"कुकर."

"भावोजी, ती कुकरची..."

"दोन!" मी म्हटलं. "गप्प बस जरा, मोजू दे."

"अवो पन ती आपली पियू..."

"नरेश! ताईनं शपथ घातलीये ना तुला? माझ्या ऐकण्याबद्दल एक अक्षर काढू नकोस!"

बिचारा! शपथेला पक्का माणूस. खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला. मला वाटलं, हरला! माझे कान बघून तोंड लपवायची वेळ आली! मी आणखी जोरात मोजायला लागलो. तीन, चार, पाच. काय त्या शिट्ट्या! थांबायलाच तयार नाहीत. सहावी आणि सातवी तर जोडीनं आल्या. हा कोंबडा म्हातारा असला तरी हुशार निघाला, असं मला वाटलं. आठवीला मी उठलो, ऐटीत आत गेलो आणि गॅस बंद करून आलो.

सुनंदा ओल्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर आली. "बंद केलात? एवढ्यात?"

"आठ!" मी म्हटलं. "विचार तुझ्या भावाला. त्याच्यासमोर मोजल्यात."

तिनं भावाकडे बघितलं. भाऊ रुमालात तोंड खुपसून गदगदा हलत होता. ती आत गेली. झाकण गपकन उघडल्याचा आवाज आला. वाफ नाही, काही नाही! मीही मागोमाग गेलो. कोंबडा जसा घातला तसा, नुसता कोमट. आणि पडवीच्या दारात पियू उभी, ओठांत निळी चिमणी. "पीईई!"

दुसरा कुणी असता तर तिथेच कान पकडले असते. मी नाही पकडले!

"तुझ्या कुकरचं रबर गेलंय," मी म्हटलं.

सुनंदानं कपाळावर हात मारला. "पियूची शिट्टी मोजत बसलात? अवो, पोरीची शिट्टी नि कुकरची शिट्टी कळत नाय?"

"आवाज हुबेहूब होता! तू असतीस तर तूपण फसली असतीस."

"मी लावते परत. आता तुमी मोजू नका. हात जोडते!"

"मीच मोजणार!" मी म्हटलं. "आता तर मीच मोजणार!"

बाहेरून नरेश ओरडला, "मोजू दे गं ताई! मला मजा येते."

बघा, हा शपथेतून वाट काढून मारलेला टोमणा होता. पण मी डोकं शांत ठेवलं. पियूला जवळ घेतलं. "बाळा, शिट्टी अंगणात जाऊन वाजवायची. घरात नाही. कळलं?" पियूनं मान डोलावली आणि बाहेर पळाली. आता मला सगळं माहीत होतं. आता कोण फसवणार मला?

इकडे सुनंदानं पाट मांडला, रांगोळी काढली, नरेशला बसवलं. टिळा लावला. निरांजन लावून ओवाळायला लागली. नरेशचे डोळे भरले. "ताई, दोन वर्षं चुकलो गं मी," म्हणाला. ती म्हणाली, "गप रे, ताटात पाणी पडेल." मीसुद्धा सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. लपवायचं कशाला?

आणि नेमकी तेव्हा शिट्टी वाजली.

"ही पियू," मी नरेशला हळूच म्हटलं. "ही मोजायची नाही."

पुन्हा वाजली. ती दोघं रडण्यात गुंतलेली, मोजणी माझ्याकडे. मी खिडकीशी गेलो. "पियू! लांब जा गं जरा!"

पुन्हा वाजली. आणखी वाजली. एक पोर किती फुंकेल हो? छातीत दम तरी किती! मी खिडकीतून हात हलवून ओरडत होतो, "पुरे! आता बस! बाटली काढून घेईन हां!" समोरच्या घरातले लोक बाहेर येऊन बघायला लागले. बघेनात का! पोरांना शिस्त लावायला नको?

सुनंदा आरतीचं ताट हातात धरून म्हणाली, "अवो, कसला तरी वास येतोय."

"वसाहतीतला असेल," मी म्हटलं. "वारा आज इकडचा आहे."

तुम्ही बाहेरचे आहात, तुम्हाला सांगतो. कुंभवलीत नाकाला काहीही झोंबलं की आम्ही वसाहतीकडे बोट दाखवून मोकळे होतो. पिढीजात सवय आहे.

"आज भाऊबीज हाय!" सुनंदा किंचाळली. "दिवाळीची सुट्टी! तुमीच घरी बसलाय ना? मग कुठला कारखाना चालू हाय?"

तेवढ्यात माझा सदरा कुणीतरी मागून ओढला. मी वळून बघितलं. पियू! एका हातात करंजी, दुसऱ्या हातात बाटली, बाटलीवर निळं झाकण घट्ट बसवलेलं.

"आतोबा, मी केव्हाची इथेच आहे," ती म्हणाली. "तुम्ही अंगणात कुणाला ओरडताय?"

सुनंदा ताट नरेशच्या हातात कोंबून धावली. मी धावलो. स्वयंपाकघरात धूर. कुकर उघडला तर काय! मघाशी कच्चा होता तो कोंबडा, आता तळाला काळाठिक्कर. पळीनं ओढला तरी निघेना.

सुनंदा खालीच बसली. पदर डोळ्यांना लावला. "दोन वर्षांनी आला रे माझा भाऊ. दोन वर्षांनी! आणि त्याला काय वाढू मी? कोळसा?"

मी आपला पळीनं तळ खरवडत राहिलो.

नरेश दारात आला. मला वाटलं, आता हा जाणार. चपला शोधणार. पण तो पाट घेऊन आला, स्वयंपाकघरातच मांडला आणि बसला. "ताई, वाढ. वरचं वरचं काढ. मी जेवल्याशिवाय उठणार नाय."

आणि जेवला बरं का तो! भाताबरोबर करपट वाटण आणि वरचे चार तुकडे. चावताना त्याच्या कानशिलांवरच्या शिरा दिसत होत्या, पण ताट चाटूनपुसून साफ केलं. मीही जेवलो. मी तर मागून घेतलं दुसऱ्यांदा. छान झालाय म्हटलं. म्हणायलाच पाहिजे होतं!

हात धुऊन नरेश म्हणाला, "ताई, ओवाळणी राहिली. साडी आणलीये. पन दोन वर्षांची बाकी हाय, आणखी काय पायजे ते माग."

सुनंदानं एका क्षणात सांगितलं, "यांचे कान तपासून दे."

"शपथ!" मी ओरडलो. "कानाचा विषय काढायचा नाही, अशी शपथ होती!"

"ती तुमाला नि त्याला होती," ती म्हणाली. "मी स्वतःला कुठे घातली?"

आता सांगा, भाऊबिजेची ओवाळणी! बहिणीनं मागितलेली, भावानं कबूल केलेली. त्यात मी आडवा पडलो असतो, तर दाराबाहेर काढला असता दोघांनी मिळून. तरी मी आडवा पडलोच, चांगला आठवडाभर. शेवटी नरेश मोटारसायकल घेऊन आला आणि मला मागे बसवून पालघरला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर काय म्हणाले ते सांगत नाही. मशीन मिळाली, एवढंच सांगतो. ही बघा. लांबून दिसत सुद्धा नाही.

मशीन लावून घरी आलो, तर काय काय ऐकू यायला लागलं! नळ टपटपतोय, पंखा कुरकुरतोय. मग आठवलं, आमची सुनंदा स्वयंपाक करताना गुणगुणते. अगदी लग्न झाल्यापासून. मला त्याचं भारी कौतुक. चारचौघांत सांगायचो मी, आमची ही गाण्याशिवाय भाकरी थापत नाही. म्हटलं, इतक्या वर्षांत शब्द कधी नीट कळले नाहीत, आज ऐकू या. पावलं न वाजवता गेलो आणि तिच्या पाठीमागे उभा राहिलो.

गाणं नव्हतं हो! मी होतो!

"ओला पंचा परत गादीवर. सांगून सांगून जीभ झिजली. कोंबडा जाळला तरी मान खाली नाय. काय बघितलं माझ्या बापानं या माणसात, देव जाणे." आणि हे सगळं सुरात, भाकरीच्या थापांवर!

तेव्हापासून मी मशीन अगदी नेमानं लावतो. फक्त स्वयंपाकघराच्या दाराशी आलो की काढतो आणि खिशात ठेवतो. म्हणू दे लोकांना बहिरा! तुम्ही काहीही म्हणा, बाई गाते छान.